हत्तीला पडसं

इंदिरानगर, नाशिक
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुझं कानाचं मशीन शिट्टी मारतं आणि आपण दोघी दहा मिनिटं नुसतं ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो, म्हणून हे पत्र. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच लिहितेय. चुका काढू नकोस. (काढशीलच.)

ऐक, म्हणजे वाच. दिवाळीनंतर पप्पांनी घराला रंग द्यायचं काढलं. मी माळा रिकामा करत होते, तर घंगाळाच्या मागे एक गोल पत्र्याचा डबा सापडला. झाकण गंजून बसलेलं. उलथण्यानं उचकटलं तर आतून लोणचं नासल्यासारखा वास, आणि आत काय, तर फिल्म! खरीखुरी फिल्म, दोन्ही कडांना भोकं असलेली. उजेडाला धरली. एका चौकटीत हत्ती. खालच्या चौकटीत तोच हत्ती. त्याच्या खालच्या चौकटीत पण तोच, फक्त सोंड जराशी वर. आत्या, मी शिडीवरूनच किंचाळले. रंगवाल्यांना वाटलं पाल पडली.

झाकणाच्या आतून ब्रशनं लिहिलंय, ‘हत्तीला पडसं. सावळीराम पेंटर, नाशिक, १९४९.’

आजोबांनी कार्टून काढलं होतं? आणि हे मला एकोणतीस वर्षांत कुणी सांगितलं नाही? मी लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ जोडून, नवरीच्या डोक्यावर खोट्या पाकळ्या उडवून पोट भरते, आणि इथे माझ्या सख्ख्या आजोबांनी हाताने हत्ती चालवलाय!

धावत पप्पांकडे गेले. डबा बघून त्यांचा चेहरा एकदम मिटला. “भंगारात टाक,” एवढंच म्हणाले आणि पेपर उघडून बसले. पेपर कालचा होता.

मी डबा भंगारात टाकला नाही. तो माझ्या कपाटात ओढण्यांखाली आहे. पप्पांना सांगू नकोस. तू तेव्हा आठ वर्षांची असशील ना? आठवतं ते सगळं लिही. सगळं म्हणजे सगळं.

तुझी,
राखी


वणी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. राखीस,
अनेक आशीर्वाद.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चौदा चुका. मी लाल पेनाने दुरुस्त करून पत्र जपून ठेवले आहे. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, हात थांबत नाही.

दादा, म्हणजे तुझे आजोबा, सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. आमच्या खोलीबाहेर दोन पुरुष उंचीची नटी वाळत पडलेली असायची आणि आम्ही पोरं तिच्या डोळ्याला वळसा घालून शाळेत जायचो. तरुणपणी ते दोन वर्षे मुंबईला एका स्टुडिओत पडदे रंगवायला होते. तिथे त्यांनी कुठल्याशा विलायती कार्टूनचा तुकडा बघितला आणि खूळ डोक्यात घेऊनच नाशिकला परतले. जुन्या जाहिरातींच्या पाठकोऱ्या कागदांवर ते रोज हत्ती काढायचे. आमच्या घरात तवा ठेवायला जागा नव्हती, पण हत्ती हजारो होते. आई म्हणायची, एवढ्या दिवसांत माणसाने खरा हत्ती पाळून मोठा केला असता.

शिंक नेमकी कशी येते हे बघायला दादा मला तपकीर हुंगवायचे आणि समोर कागद घेऊन बसायचे. “थांब, नाक वर गेलं तिथंच थांब!” शिंक कशी थांबणार? तेव्हा त्या हत्तीच्या तोंडावर जे भाव आहेत ते माझे आहेत, हे कुणाला सांगू नकोस.

दादांचे मित्र मोतीराम फोटोग्राफर यांनी कॅमेरा मिळवला. दोन वर्षांत साडेतीन मिनिटांचा सिनेमा झाला. थिएटरच्या मालकाने मेहेरबानी म्हणून रविवारी तीनच्या खेळाला, मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवायचे कबूल केले. आम्ही सगळे नवे कपडे घालून गेलो. दिवे गेले. पडदा उजळला. हत्ती आला, पण पाय वर आणि डोके खाली. आणि गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे चाललेली. लोकांना काही कळेना. कुणीतरी ओरडले, “उलटा! उलटा!” मग शिट्ट्या, मग खुर्च्या आपटणे. साडेतीन मिनिटे म्हणजे किती असतात हे मला त्या दिवशी कळले.

मशीनवाल्याने रीळ चुकीच्या टोकाकडून लावले. झाले. त्या दिवसापासून गावाने दादांना ‘उलटा पेंटर’ केले. मरेपर्यंत. दुकानाची पाटी द्यायला आलेला माणूससुद्धा हसून म्हणायचा, “पेंटर, अक्षरं सुलट काढा हां.” दादांनी पुन्हा कधी हत्ती काढला नाही.

शेखरला, म्हणजे तुझ्या पप्पांना, दुखवू नकोस. भंगारात नको, पण डबा होता तिथे ठेव.

तुझी आत्या,
मालन


इंदिरानगर, नाशिक
१२ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

डबा होता तिथे ठेवला. रिकामा!

फिल्म आता माझ्या दुकानात आहे, आणि आत्या, हत्ती चालतो! आमच्या ललितदादांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, लग्नसराईतून वेळ काढून काचेखाली दिवा लावून दिला. मी एकेक चौकट स्वच्छ पुसायची आणि कॅमेऱ्याने फोटो काढायचा. पाच हजार चाळीस फोटो. अठ्ठेचाळीस दिवस. माझी मान आता डावीकडे वळत नाही. पण परवा सगळे फोटो ओळीने लावले, बटण दाबलं आणि तो हत्ती नदीतून निथळत बाहेर आला, थांबला, आणि त्याचं नाक वर जायला लागलं. तुझं नाक! मी ओळखलं!

पहिल्या शिंकेला घाटावरच्या सगळ्यांच्या टोप्या आणि पागोटी उडतात. दुसरीला बाजारातल्या दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं उडतात. चिमण्यांसारखी आभाळात एक फेरी मारतात आणि भलत्याच पाटीवर येऊन बसतात. न्हाव्याच्या दुकानावर ‘ताजे पेढे’. हवालदार पेढे खायला आत जातो आणि जिभेला साबणाचा फेस लावून बाहेर येतो. तिसऱ्या शिंकेला हत्तीची सोंडच सुटते आणि अळीसारखी सरपटत पळून जाते, आणि हत्ती तिच्यामागे धावतो, नाकाच्या जागी हात धरून. लाजलाय गं तो! शेवटी सोंड सापडते, तो ती लावतो, सुस्कारा सोडतो. आणि त्याच्या पायाशी एक मुंगी शिंकते. एवढीशी. आणि हत्ती पडद्याबाहेर उडून जातो.

तेव्हा दुकानात एक नवरा-नवरी त्यांचा अल्बम बघायला आले होते. नवऱ्याच्या नाकातून चहा आला. नवरी म्हणाली, “आमचा व्हिडिओ राहू द्या, हेच परत लावा.” ललितदादांनी समोरच्या पाणीपुरीवाल्याला बोलावलं, त्यानं त्याच्या गिऱ्हाइकांना बोलावलं. अकरा वेळा लावलं. मी ठरवलं, जयंतीच्या आठवड्यात विहाराच्या हॉलमध्ये सगळ्या कॉलनीला दाखवायचं!

आणि बाराव्या वेळेला पप्पा दारात उभे. मी डबा विसरले होते, जेवणाचा, तो द्यायला आले होते.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, “शाळेत हजेरीला माझं नाव आलं की मागून पोरं ‘उलटा, उलटा’ करायची. नोकरीला लागलो तिथेही एक जण निघालाच. कशासाठी? दादांना स्वतःचं रीळ नीट गुंडाळता आलं नाही म्हणून.” मी म्हटलं, चूक मशीनवाल्याची होती, आत्यानं लिहिलंय. तर म्हणाले, “मशीनवाल्याची नव्हती. दादा स्वतः मला म्हणाले होते, रीळ मीच गुंडाळलं, चूक माझीच.”

त्या दिवसापासून पप्पा माझ्याशी फक्त ‘मीठ दे’ आणि ‘गॅस बंद केला का’ एवढंच बोलतात.

आत्या, तू तिथे होतीस. तू साक्षीदार आहेस. पप्पांना एकदा लिही ना, की चूक मशीनवाल्याचीच होती. तुझं ते ऐकतात.

तुझी,
राखी


वणी
२ फेब्रुवारी २०२५

चि. राखी,

या पत्राच्या आधी तीन पत्रे लिहिली आणि फाडली. हे चौथे. हे मी वाचून न बघता पाकिटात घालणार आहे, तेव्हा माझ्या चुका तू काढ.

चूक मशीनवाल्याची नव्हती. दादांची पण नव्हती.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, दादा जेवून आडवे झाले होते. डबा त्यांच्या उशाशी होता. मला माझे नाक बघायचे होते. मी हळूच रीळ काढले आणि बाहेर उन्हात नेले. एक टोक धरून बघत बसले. हत्ती, हत्ती, हत्ती. इतके सुंदर बारके हत्ती मी जन्मात बघितले नव्हते. तेवढ्यात रीळ हातातून सुटले आणि घरंगळत चाळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले. सगळ्या अंगणात फिल्मच फिल्म. शेजारची कोंबडी तिच्यावरून चालत गेली.

मी रडत रडत सगळे गोळा केले. हाताला जे टोक लागले तिथून गुंडाळत गेले. फ्रॉकने पुसले. डब्यात ठेवले. कुणी बघितले नाही. दुसऱ्या टोकाकडून गुंडाळले तर काय होते, हे मला तीनच्या खेळाला कळले.

त्या रात्री सांगणार होते. पण दादा भिंतीकडे तोंड करून झोपले. मग उद्या सांगू. मग शाळेत बक्षीस मिळेल तेव्हा सांगू. मग लग्न झाले, मी इकडे आले. मी शेकडो मुलांना शिकवले की खरे बोला, आणि दादा गेले तेव्हा त्यांच्या पायाशी बसून पण मी बोलले नाही.

दादांनी शेखरला ‘चूक माझीच’ का सांगितले असेल, ते मला समजत नाही. बहुतेक त्यांना खरेच तसे वाटत असेल. हे सगळ्यात वाईट आहे.

हे पत्र शेखरला वाचून दाखव. संपूर्ण. कोंबडीसकट.

मालन


इंदिरानगर, नाशिक
९ मार्च २०२५

प्रिय आत्या,

महिनाभर पत्र नाही म्हणून तू काय काय समजली असशील. पण मला काही घडल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

तुझं पत्र मी पप्पांना चहाच्या वेळी वाचून दाखवलं. कोंबडीपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटी त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि चालायला गेले. चार दिवस ते पत्र त्यांच्या खिशात होतं. शर्ट बदलला की पत्र नव्या खिशात. पाचव्या दिवशी मी म्हटलं, “पप्पा, आत्यावर रागावलात का?” ते म्हणाले, “पंच्याहत्तर वर्षं, राखी. पंच्याहत्तर वर्षं एकटीनं.” आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावायला लागले.

मग गेल्या रविवारी स्वतः होऊन दुकानात आले. ललितदादांना म्हणाले, “ते लावा.” खुर्चीत ताठ बसले. मी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होते. हसले नाहीत गं. टोप्या उडाल्या, नाही. सोंड पळाली, नाही. पण पाट्या आल्या तिथे म्हणाले, “थांबवा.” उठून पडद्याच्या इतके जवळ गेले की नाक टेकेल. “हा ‘श’ बघ. ही गाठ. मला पाटीवर शिकवला तो हाच ‘श’. माझ्या नावाचा.” मग जागेवर जाऊन बसले. “पुढे लावा.”

आता कॉलनीत काय चाललंय विचारू नकोस! महिला मंडळाच्या रोहिणीताईंनी हॉल मिळवलाय. मुलं रस्त्यातून शिंकत फिरतायत. निवृत्त फौजदार राकेशकाका म्हणतात की हवालदाराच्या जिभेला फेस दाखवण्याबद्दल त्यांची तक्रार आहे, पण आधी बघतो आणि मग करतो. आणि बोर्ड कोण रंगवतंय? पप्पा! त्यांच्या हातात ब्रश मी जन्मात पहिल्यांदाच बघतेय.

तेरा एप्रिल, संध्याकाळी सात. तू यायचंच. तुला आणायला गाडी पाठवतो. पप्पा तुला वेगळं लिहिणार आहेत. मला दाखवत नाहीत.

तुझी,
राखी


इंदिरानगर, नाशिक
११ मार्च २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळाले. मला पत्र लिहिण्याची सवय नाही, अर्ज लिहिण्याची आहे, तरी समजून घे.

तू माफी मागितलेली नाहीस, हे बरे केलेस. आठ वर्षांच्या मुलीला कसली माफी करायची? खरे म्हणजे मलाच एक सांगायचे आहे. शाळेत मुले चिडवायची त्याचा राग मी दादांवर काढला. त्यांनी शिकवायला घेतलेला ब्रश सातवीत असताना त्यांच्यासमोर गटारीत फेकला आणि म्हणालो, मला उलटा पेंटर व्हायचे नाही. तेव्हा ते म्हणाले, “चूक माझीच होती रे.” मी ते रिळाबद्दल समजलो. आता वाटते, ते मला शांत करायला काहीतरी बोलले असतील.

हे मीही कुणाला सांगितलेले नव्हते. म्हणजे आपण दोघेही सारखेच.

१३ तारखेला ये. तुझ्यासाठी पहिल्या रांगेत मधली खुर्ची राखून ठेवली आहे. औषधे बरोबर आण.

तुझा,
शेखर


वणी
२२ एप्रिल २०२५

चि. शेखर,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तुझ्या पत्रात चूक एकही नव्हती. मात्र अर्जासारखेच होते.

त्या दिवशी सगळे मला विचारत होते की आजी, तुम्ही खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ का केली? राखीला तर वाटले, मला भोवळ येतेय. तुला म्हणून सांगते. पहिल्या वेळी थिएटरात दादा आमच्या शेजारी बसले नव्हते. ते पडद्याच्या कडेला भिंतीशी उभे होते, तोंड लोकांकडे करून. त्यांना हत्ती बघायचाच नव्हता. त्यांना हसणारी माणसे बघायची होती. म्हणून दिवे गेले तशी मी उठले आणि त्यांच्यासाठी खुर्ची फिरवली.

कानाचे मशीन मी मुद्दाम काढून पिशवीत टाकले होते. शिट्टी नको. त्यामुळे आवाज नाही, नुसती माणसे. पडद्याचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर. पहिली शिंक आली तेव्हा पुढची पोरं एकदम मागे रेलली, जणू वारा त्यांनाच लागला. टोप्या उडाल्या तशी रोहिणीने आपला पदर धरला! राकेश फौजदार दोन मिनिटे हाताची घडी घालून बसला होता. हवालदाराच्या जिभेला फेस आला आणि त्याची घडी सुटली, मग गुडघ्यावर थापा, मग शेजारच्याच्या गुडघ्यावर थापा. सोंड पळाली तेव्हा एक बारकी पोरगी आईच्या कुशीत तोंड खुपसून रडायला लागली, आणि सोंड सापडली तशी डोळे न पुसता टाळ्या वाजवू लागली. आणि मुंगीच्या शिंकेला, शेखर, ती तीनशे माणसे शेत वाऱ्याने हलावे तशी हलत होती. खुर्च्यांचे हादरे मला पायातून कळत होते. छत्तीस वर्षे मी वर्गाला ‘हसू नका’ म्हणत आले. काय मूर्खपणा!

लोक ‘पुन्हा, पुन्हा’ करत होते, ते ओठांवरून कळले. आणि मग तू उभा राहिलास. मला ऐकू आले नाही, राखीने नंतर कागदावर लिहून दाखवले. तू म्हणालास, “मी उलट्या पेंटरचा मुलगा शेखर. आता तो १९४९ साली लागला होता तसा लावा.”

मी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने पायाखालची फरशी थरथरायला लागली म्हणून उघडले, तर राकेश फौजदार खुर्चीखाली होता. खरोखर खाली. पोरं डोक्यावर उभी राहून बघत होती. तेव्हा मी पण मान वळवली. हत्ती पाय वर करून पडद्यात परत आला, सोंड पळत येऊन त्याला चिकटली, सगळ्या टोप्या आभाळातून येऊन आपापल्या डोक्यावर नेमक्या बसल्या, आणि तो नाकाने सगळे गाव आवरून घेऊन उलट्या पावलांनी शांतपणे नदीत गेला. शेखर, तो उलटासुद्धा चांगला होता रे. त्या दिवशी लोकांनी फक्त जरा दम धरायला हवा होता.

मी हसले. इतकी की राखीने पाणी आणले. आणि मग मी तुला शोधले.

तू शेवटच्या रांगेजवळ, सिनेमाच्या मशीनच्या शेजारी उभा होतास. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांनी पोट धरून, तोंड उघडे टाकून हसत होतास. डोळ्यांतून पाणी गळत होते आणि ललित तुला आधार देत होता. तू जन्मलास तेव्हा मी सतरा वर्षांची होते, तुला कडेवर खेळवलेय, पण एवढे मोठे तोंड करून हसताना मी तुला त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

एक विचारायचे राहिले. डाव्या बाजूची, वरची मागची दाढ कधी पडली रे तुझी? मला कुणी सांगितलेच नाही.

ताबडतोब बसवून घे. आता लोकांना दिसते.

तुझी ताई,
मालन